घोडा मोजलेली किंमत परत देतो का?

26 सप्टेंबर 2023. हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत भारताने ड्रेसाजचं सांघिक सुवर्ण जिंकलं. घोडेस्वारीतलं सुवर्ण तब्बल 41 वर्षांनी! संघात मुंबईचा हृदय छेडाही होता. चारही स्वारांचा सराव मात्र युरोपात चाललेला.

या खेळातल्या खर्चाची खरी मेख घोडा सांभाळण्यात आहे. घोडा विकत घेणं ही फक्त सुरुवात. पुढे दर महिन्याला तबेल्याचं भाडं, चारा-खुराक, मोतद्दार, प्रशिक्षक, पशुवैद्य. दर सहा-आठ आठवड्यांनी नाल. घोडा लंगडला, तरी यातलं बहुतेक बिल चालूच.

टोटिलास या ड्रेसाजच्या घोड्याचंच बघा. 2010 मध्ये केंटकीच्या जागतिक स्पर्धेत तीन सुवर्णं, लगेच जर्मनीला विक्री. चर्चेतला आकडा सुमारे एक कोटी युरो. ऑलिंपिक त्याने कधीच गाठलं नाही. 2015 मध्ये आखेनला तो लंगडला आणि निवृत्त झाला. पैसे काही प्रमाणात परतले ते पैदाशीतून.

नागपूरकरांना हे गणित परकं नाही. शंकरपटाच्या शर्यतीसाठी बैलजोडी पाळणारा शेतकरीही खुराकाचा हिशेब बक्षिसाशी जुळवत नाही.

म्हणून नव्या स्वाराने आधी क्लबच्या घोड्यावर काही वर्षं घालवावीत. विकत घ्यायचाच, तर पशुवैद्याकडून पाय आणि सांधे तपासून, एक्स-रे काढूनच.