वर्गातले ‘आपण’ आणि ‘आम्ही’

आपल्या भोपाळमध्ये श्यामला हिल्सवर एनसीईआरटीची क्षेत्रीय शिक्षण संस्था, म्हणजे आरआयई आहे. चार वर्षांच्या एकत्रित बी.एड.साठी तिथे मध्य प्रदेश, छत्तीसगड, महाराष्ट्र, गुजरात, गोव्यातून मुलं-मुली येतात. उद्या त्यांच्यापैकी कुणी बैतूल किंवा खंडव्याकडच्या शाळेत गेलं, तर समोर कोरकू बोलणारी मुलं असतील. त्यासाठी भावी शिक्षकाची तयारी काय हवी?

पहिली गोष्ट म्हणजे, मुलाच्या चुकीमागचा नियम ओळखता यायला हवा. हिंदीत प्रत्येक नाम पुल्लिंगी किंवा स्त्रीलिंगी असतं. कोरकूतली मुख्य विभागणी सजीव-निर्जीव अशी आहे. त्यामुळे कोरकू मूल ‘रोटी अच्छा है’ म्हणू शकतं. शिक्षक हसले, वर्गही हसला, की ते बोलायचंच थांबतं. मग त्याच्यावर ‘कमजोर’ असा शिक्का बसतो. आपली मराठी मंडळीसुद्धा हिंदीत ‘मेरा पुस्तक’ म्हणतातच की! मराठीत पुस्तक नपुंसकलिंगी, हिंदीत स्त्रीलिंगी. पण म्हणून आपल्याला कुणी मंद ठरवत नाही.

दुसरी गोष्ट, दोन भाषांमधला पूल शोधणं. ‘आम्ही बाजारात जातोय’ म्हटलं की ऐकणारा घरीच राहतो; ‘आपण जाऊया’ म्हटलं की तोही चपला घालतो. हिंदीच्या ‘हम’मध्ये हा फरक दिसत नाही. कोरकूत मात्र तो आहे, शिवाय संस्कृतसारखं द्विवचनही आहे. म्हणजे या बाबतीत मराठी शिक्षक कोरकू मुलाच्या जास्त जवळचा!

कुणी म्हणेल, एका वर्गात तीन-तीन भाषा असल्या तर शिक्षकाने सगळ्या शिकायच्या का? अस्खलित बोलता यायची गरज नाही. कुठल्या घरात कुठली भाषा आहे आणि ती हिंदीहून कुठे वेगळी पडते, एवढं कळलं तरी पुष्कळ. मला वाटतं, सराव पाठ सुरू होण्याआधी प्रत्येक विद्यार्थी-शिक्षकाने एक वही करावी. मुलांकडूनच पन्नास शब्द, आकडे, नात्यांची नावं लिहून घ्यावीत. उच्चार चुकला तर मुलांनी तो सुधारावा. गप्प बसणारं मूल त्या दिवशी गुरुजी होतं.

शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम २९ मध्ये शक्य तिथवर मातृभाषेतून शिकवावं असं लिहिलंच आहे. आपल्यातले बरेच जण पुढे बी.एड. करतील. त्यांनी ही वही आत्तापासूनच सुरू करावी. भोपाळमध्ये शेजारी विचारलं तरी पहिलं पान भरेल.