छोटी नोंद, मोठी जबाबदारी

रायगडच्या किनाऱ्यावर कापडाचा धंदा अर्धा रोखीचा, अर्धा विश्वासाचा. जून-जुलैत मासेमारी बंद असते. त्या दिवसांत कोळी बांधव कापड उधारीवर नेतात आणि नारळी पौर्णिमेनंतर होड्या दर्यावर गेल्या की पैसे आणून देतात. अशा धंद्यात मोठा सौदा कोणी विसरत नाही. राहून जातात ती दोन मिनिटांची कामे, आणि नुकसान तिथेच होते.

आमचाच अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी एका शुक्रवारी जुम्याच्या नमाजची घाई होती. एका कोळी भावाने उधारीचे बाराशे रुपये हातात दिले. आम्ही ते गल्ल्यात टाकले. वहीत जमा परतल्यावर करू म्हटले. परतलो तर दुकानात गिऱ्हाइके उभी. पुढे ईदच्या गर्दीत चार माणसांदेखत आम्ही त्यांच्याकडे तेच बाराशे पुन्हा मागितले. "शेट, मी दिलेत," एवढेच ते बोलले. रात्री जुना रोजमेळ काढला, तर त्या शुक्रवारी गल्ल्यात बाराशे जास्त निघाल्याची नोंद होती. दुसऱ्या दिवशी घरी जाऊन माफी मागितली. त्यांनी माफ केले, पण ते घर आमच्या दुकानात पूर्वीसारखे आले नाही.

कुरआनमधील सर्वांत लांब आयत, सूरह अल्-बकराची २८२ वी, उधारीच्या लिखापढीबद्दल आहे. रक्कम लहान असो वा मोठी, मुदतीसह लिहिण्याचा कंटाळा करू नये, अशी त्यात ताकीद आहे. म्हणजे न लिहिलेली नोंद हा केवळ आपला आळस नाही. त्यात दुसऱ्याचा हक्क अडकलेला असतो.

सरकारी कामाचेही तसेच. १ जुलै २०१७ पासून जीएसटी आला. दरमहा विवरण भरणाऱ्याने विक्रीचे जीएसटीआर-१ अकरा तारखेपर्यंत आणि ३बी वीस तारखेपर्यंत भरायचे असते. चौदा तारखेला २बी तयार होते. ठोक व्यापाऱ्याचे बिल त्यात नसेल, तर भरलेल्या कराची वजावट अडते. त्याच दिवशी फोन केला तर काम होते. वर्षाअखेरीस केला तर वाद होतो. ३बीला उशीर झाल्यास साधारणपणे दिवसाला ५० रुपये विलंब शुल्क, व्याज वेगळे.

आम्ही आता चार गोष्टी पाळतो:

१. दोन मिनिटांचे काम तिथल्या तिथे. जमा आधी लिहायची, मगच पैसे गल्ल्यात.

२. दुपारी जोहरनंतर बाजार शांत असतो. तेव्हा अर्धा तास बिले लावणे आणि उरलेले फोन.

३. उधारीची वही मराठीत. आमचे शिक्षण उर्दू माध्यमातले; पूर्वीची वही कर सल्लागाराला वाचता येत नसे. पुन्हा उतरवून काढायचे काम रोज उद्यावर जाई.

४. रात्री वहीच्या पानाचा मोबाईलवर फोटो. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात किनाऱ्यावर पत्रे उडाले, दुकानांत पाणी शिरले. भिजलेला ताका उन्हात वाळवता येतो. शाई पसरलेली वही वाचता येत नाही.

व्यापारी बंधूंनो, यात भांडवल लागत नाही, सवय लागते. शुक्रवारी घाई आजही असते. पण आम्ही आधी जमा लिहितो, मग शटर ओढतो.