पडद्यावरील रंगांची पारख

कावीळ झालेल्या माणसाला सारें जग पिवळें दिसतें, असें म्हणतात. अशा माणसाच्या हातीं कुंचला दिला, तर तो नसलेला पिवळेपणा काढावयास जाईल आणि चांगलें चित्र निळसर करून ठेवील. संगणकाच्या पडद्यासमोर बसून व्हिडिओचे रंग सुधारणाऱ्याची स्थिति पुष्कळदां अशीच होते. दोष चित्रांत नसतो, पडद्यांत असतो.

परभणी जिल्ह्यांत ही केवळ हौसेची बाब नाहीं. कापूस आणि सोयाबीन हीं येथील प्रमुख पिकें. परभणीस १९७२ पासून कृषि विद्यापीठ आहे. आणि शेतकरी आतां पिकाच्या रोगाची माहिती मोबाइलवरील व्हिडिओंतूनही घेतो. सोयाबीनच्या पानांत लोहाची उणीव पडली, तर शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा होतो. पिवळा मोझॅक असेल, तर हिरवे-पिवळे चट्टे उमटतात. पहिल्यावर उपाय लोहाचा. दुसरा रोग विषाणूचा, पांढऱ्या माशीनें पसरणारा, म्हणून तेथें रोगट झाडच उपटावें लागतें. चित्र खुलविण्यासाठीं कोणी पिवळा रंग वाढविला, तर ती हिरवी शीर दिसेनाशी होते आणि शेतकऱ्याचा पैसा भलत्याच उपायावर जातो.

रंगानें दगा दिल्याचा अनुभव महाराष्ट्राला जुना आहे. १९३३ सालीं प्रभात फिल्म कंपनीनें ‘सैरंध्री’ हा बोलपट रंगीत करण्याचा प्रयत्न केला. रंगाची प्रक्रिया जर्मनींत झाली. परंतु पडद्यावर उतरलेले रंग समाधानकारक ठरले नाहींत. त्या काळीं चूक कळेपर्यंत समुद्र ओलांडावा लागे. आज ती घरबसल्या मोजतां येते.

दूरचित्रवाणीच्या कामाचे प्रमाणभूत पडदे लाखांच्या घरांत जातात. तथापि संगणकाचा साधा पडदाही बऱ्याच अंशीं विश्वासास पात्र करतां येतो. १९९० सालीं मान्य झालेल्या ‘७०९’ या आंतरराष्ट्रीय प्रमाणांतील मूळ तीन रंग आणि पांढरा हे संगणकाच्या ‘एसआरजीबी’ प्रमाणांतही तेच आहेत. म्हणून बाजूनें पाहिल्यास रंग न बदलणारा आयपीएस जातीचा पडदा घ्यावा आणि त्याच्या सूचींतून एसआरजीबी निवडावें. पांढऱ्याची छटा ६५०० केल्विन व तेज दर चौरस मीटरला सुमारें १०० कँडेला असावें. रात्रीं पडदा तांबूस करणारी सोय बंद ठेवावी आणि पडदा अर्धा तास तापूं द्यावा.

खोलीकडेही लक्ष हवें. खिडकींतून परभणीचें ऊन पडद्यावर आलें, तर काळ्या भागांतील बारकावे लोपतात. भिंत गुलाबी असेल, तर डोळा त्या गुलाबीला सरावतो आणि करडा रंग त्यास हिरवट भासतो. पडद्यामागें मंद, पांढरा प्रकाश ठेवावा.

याउपर खरा आधार कलरिमीटरचा. हें लहानसें यंत्र पडद्यावर टेकविलें, म्हणजे संगणक ठराविक रंग दाखवितो आणि यंत्र प्रत्यक्षांत किती फरक पडला तें मोजतें. हें रोज लागत नाहीं. चौघांनीं मिळून एक घेतलें तरी भागतें. तेंही नसेल, तर डाव्हिंची रिझॉल्व्हच्या मोफत आवृत्तींतील आलेख पाहावे. शेतांत चित्रण करतांना प्रथम एक करडा पुठ्ठा पानाजवळ धरावा. तांबडा, हिरवा व निळा या तिन्ही रंगांच्या रेषा त्या पुठ्ठ्यावर समान आल्या, म्हणजे रंगाचा तोल साधला. पडदा खोटें बोलेल. आलेख बोलत नाहींत.

पाहणाऱ्याचा मोबाइल कसा असेल, हें कोणाच्याच हातीं नाहीं. पण मूळ चित्र खरें असेल, तर त्याच्या पदरीं एकाच पडद्याची चूक येते; मूळच चुकलें, तर दोन चुकांची बेरीज होते. सोनार सोनें तोलण्यापूर्वीं रिकामा कांटा पाहतो. रंग सुधारणाऱ्यानेंही आधीं आपला कांटा पाहावा.