गणवेशासाठी कापडाची निवड

गणवेशासाठी कापडाची निवड ही शिवणकामापूर्वीची पायरी असून तीत तंतूचा प्रकार, वीण, वजन, रंग आणि आटण्याचे प्रमाण यांची सांगड हवामानाशी व कपड्याच्या वापराशी घातली जाते. गणवेश रोज घालावा लागतो आणि त्याचे कापड ठरवणारी व्यक्ती बहुधा तो घालणारी नसते. त्यामुळे या निवडीतील चूक अनेकांना वर्षभर सोसावी लागते. सोलापूर हे गणवेश-उत्पादनाचे महत्त्वाचे केंद्र असल्याने हा विषय येथे सोलापूर शहर आणि अक्कलकोट मार्गावरील कुंभारी (ता. दक्षिण सोलापूर) यांच्या संदर्भात मांडला आहे.

पार्श्वभूमी

सोलापुरात १८७७ मध्ये पहिली कापड गिरणी सुरू झाली. ती 'जुनी गिरणी' या नावाने ओळखली जाई. पुढे यंत्रमागांवरील चादर व टॉवेल यांसाठी शहर प्रसिद्ध झाले आणि या दोन्ही उत्पादनांना भौगोलिक मानांकन मिळाले. चादर व टॉवेल जाड सुताचे असतात. सदरा किंवा पँट शिवण्यास ते कापड उपयोगी नाही. म्हणून गणवेशाचे बरेचसे कापड बाहेरून येते. भिलवाडा हे पँटसाठीच्या मिश्र कापडाचे, तर इचलकरंजी हे सुती कापडाचे मोठे केंद्र आहे.

कुंभारी येथे विडी कामगारांसाठी गोदूताई परुळेकर यांच्या नावाने १०,००० घरांची वसाहत उभारण्यात आली. तिचे लोकार्पण २००६ मध्ये झाले. त्यानंतरच्या रे नगर प्रकल्पातील घरांचे हस्तांतरण जानेवारी २०२४ मध्ये सुरू झाले. विडी, यंत्रमाग आणि इतर असंघटित क्षेत्रांतील कुटुंबे या वसाहतींत राहतात. अशा घरांत गणवेश हाताने धुतला जातो आणि तोच पुन्हा घालावा लागतो. त्यामुळे कापडाचा टिकाऊपणा आणि वाळण्याचा वेग यांना अंगाच्या सुखाइतकेच महत्त्व येते.

हवामान

सोलापूरचे हवामान उष्ण व कोरडे आहे. एप्रिल-मे महिन्यांत दुपारचे तापमान अनेकदा ४० अंश सेल्सियसच्या वर जाते. कोरड्या हवेत घाम लवकर उडून जातो आणि त्याबरोबर शरीराची उष्णताही जाते. कापडाने या क्रियेत अडथळा आणू नये, ही येथील पहिली अट होय. कोकणातील दमट हवेत घाम मुळातच सावकाश सुकतो. तेथे विरळ विणीचे, पातळ आणि सैल कपडे अधिक उपयोगी पडतात. उन्हात काम करणाऱ्यांसाठी फिक्या रंगाचे, पूर्ण बाह्यांचे व सैल कपडे योग्य ठरतात, कारण कापड उन्हाचा थेट मारा अडवते आणि फिका रंग उष्णता कमी शोषतो.

तंतू

कापूस प्रमाण हवामानात आपल्या कोरड्या वजनाच्या सुमारे ८ टक्के, व्हिस्कोस ११ ते १३ टक्के, तर पॉलिएस्टर अर्ध्या टक्क्याहूनही कमी ओलावा धरून ठेवते. सुती कापड घाम टिपते, पण ते चुरगळते, आटते आणि उशिरा वाळते. पॉलिएस्टर मजबूत असते, लवकर वाळते व इस्त्री टिकवते. मात्र दाट विणीत ते अंगाला चिकटते. दोहोंचे मिश्रण 'टेरिकॉट' या नावाने परिचित आहे. त्यात साधारणतः ६७ टक्के पॉलिएस्टर व ३३ टक्के कापूस असतो. सुताचे प्रमाण वाढवलेली मिश्रणेही मिळतात. उष्ण प्रदेशात सदऱ्यासाठी ती अधिक अनुकूल असतात.

वीण व वजन

कापडाचे वजन प्रति चौरस मीटर ग्रॅममध्ये मोजतात. व्यवहारात त्याला 'जीएसएम' म्हणतात. सदऱ्यासाठी साधारणतः १०० ते १३० आणि पँटसाठी १८० ते २५० ग्रॅम वजनाचे कापड वापरले जाते. साधी वीण हलकी व हवेशीर असते. तिरप्या रेघांची ट्विल वीण अधिक दाट असून घर्षण सोसते. केवळ तंतू पाहून निर्णय घेणे पुरेसे नसते: जाड व दाट विणीचे सुती कापड पातळ, विरळ विणीच्या मिश्र कापडापेक्षा अधिक उबदार ठरू शकते.

उपयोगानुसार निवड

शालेय गणवेश: समग्र शिक्षा अभियानात पात्र विद्यार्थ्यांच्या दोन गणवेशांसाठी ६०० रुपये, म्हणजे एका गणवेशास ३०० रुपये, अशी तरतूद आहे. २०२४-२५ मध्ये महाराष्ट्रात कापडाची खरेदी राज्यस्तरावर झाली. त्यानंतर हे काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे देण्यात आले. समितीला याच मर्यादेत कापड व शिलाई दोन्ही बसवावी लागतात. सदरा अंगाला थेट लागतो, म्हणून त्यात सुताचे प्रमाण अधिक ठेवणे आणि घर्षण सोसणाऱ्या पँट किंवा स्कर्टसाठी मिश्र कापड घेणे, ही विभागणी अशा वेळी उपयुक्त ठरते. मुले वाढत असल्याने शिवणीत पुरेशी माया व खाली रुंद दुमड ठेवल्यास गणवेश अधिक काळ वापरता येतो.

रुग्णालय: कुंभारी येथे वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय आहे. रुग्णालयीन कपडे वारंवार गरम पाण्यात धुवावे लागतात. रंग व आकार टिकवणारे मिश्र कापड येथे सोयीचे असते. लांब पाळ्यांसाठी मात्र ते हलके व सैल असावे लागते.

कारखाना: वेल्डिंग, बॉयलर किंवा भट्टीजवळच्या कामासाठी पॉलिएस्टरयुक्त कापड धोकादायक आहे. पॉलिएस्टर सुमारे २५० ते २६० अंश सेल्सियसला वितळते आणि त्वचेला चिकटून भाजण्याची तीव्रता वाढवते. साधे सुती कापडही पेट घेते, पण वितळत नाही. अशा कामासाठी जाड सुती किंवा ज्वालारोधक प्रक्रिया केलेले कापड वापरतात. येथे किंमत व इस्त्री हे निकष गौण ठरतात.

खरेदीपूर्वीची तपासणी

मोठी खरेदी करण्यापूर्वी नमुन्याच्या कापडावर काही सोप्या चाचण्या घेता येतात.

आटणे: कापडावर ५० सेंटिमीटर लांबी-रुंदीचा चौकोन आखून ते धुऊन, वाळवून, इस्त्री करून पुन्हा मोजतात. चौकोनाची लांबी ४७.५ सेंटिमीटर भरल्यास कापड लांबीत ५ टक्के आटले असे समजते. १०० सेंटिमीटर लांबीची पँट त्याच प्रमाणात ५ सेंटिमीटर आखूड होईल.

तंतू: कडेचे काही धागे चिमट्यात धरून सुरक्षित जागी जाळतात. सुताला जळक्या कागदासारखा वास येतो व मऊ राख उरते. पॉलिएस्टर वितळून त्याचा कठीण मणी बनतो. मिश्र धाग्यात दोन्ही खुणा दिसतात. मिश्रणाचे नेमके प्रमाण मात्र प्रयोगशाळेतच कळते.

रंग: ओले पांढरे फडके कापडावर घासतात. फडक्यावर रंग उतरल्यास तो धुलाईत इतर कपड्यांना लागण्याची शक्यता असते.

नवे कापड खळीमुळे जाड व कडक भासू शकते. म्हणून हाताला लागणाऱ्या पोतावरून निर्णय न घेता नमुना दोन-तीन वेळा धुऊन पाहणे आणि शक्य असल्यास एक गणवेश शिवून तो प्रत्यक्ष घालणाऱ्याकडून काही दिवस वापरून घेणे अधिक खात्रीचे असते.