खासगीपणाची खातेवही कोणाच्या हाती?

१९८६ च्या अखेरीस संसदेच्या दोन्ही सभागृहांनी भारतीय टपाल (दुरुस्ती) विधेयक मंजूर केले आणि ते संमतीसाठी राष्ट्रपतींकडे गेले. नागरिकांची पत्रे अडविण्याचे व उघडून पाहण्याचे सरकारचे अधिकार त्या विधेयकाने पुष्कळच विस्तृत केले होते. राष्ट्रपती झैलसिंग यांनी त्यावर सही केली नाही आणि ते फेरविचारासाठी परतही पाठविले नाही. ते नुसते ठेवून दिले. वृत्तपत्रांतून हा विषय गाजला, घटनापंडितांनी त्यावर भवति न भवति केली, आणि पुष्कळ वर्षे रखडलेले ते विधेयक अखेर २००२ मध्ये मागे घेण्यात आले.

पत्रे अडविण्याचा व उघडण्याचा व्यापक अधिकार देणारे कलम २०२३ च्या नव्या टपाल कायद्यात पुन्हा आले, १८ जून २०२४ पासून ते लागूही झाले. पण त्या वेळी मात्र कोणी फारशी दखल घेतली नाही. याचे कारण उघड आहे. माणसाचे खासगी आयुष्य आता पोस्टमनच्या पिशवीतून जात नाही. आजाराची चौकशी, कर्जाचा अर्ज, रात्री वाचलेला लेख, वरिष्ठांविरुद्धची तक्रार हे सारे इंटरनेटवरून जाते. तेव्हा १९८६ चा प्रश्न संपलेला नाही. त्याने केवळ पत्ता बदलला आहे.

नव्या पत्त्यावरचा हुकूम २८ एप्रिल २०२२ चा आहे. संगणक सुरक्षिततेचे काम पाहणाऱ्या ‘सर्ट-इन’ या केंद्रीय यंत्रणेने माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ७० ब कलमाखाली तो काढला. सायबर हल्ला झाल्यास सहा तासांत कळवावे, यंत्रणेतील नोंदी १८० दिवस जपाव्यात, ही त्यातील कलमे समजण्यासारखी आहेत. परंतु ग्यानबाची मेख पुढेच आहे. व्हीपीएन सेवा पुरविणाऱ्यांनी प्रत्येक ग्राहकाचे नाव, पत्ता, दूरध्वनी क्रमांक पडताळून घ्यावा. त्याला दिलेले इंटरनेट-क्रमांक आणि सेवा घेण्याचे प्रयोजन यांची नोंद करावी. आणि ग्राहक सेवा सोडून गेल्यावरही हे सर्व किमान पाच वर्षे जपून ठेवावे, असे या हुकमाने सांगितले. कंपन्या आपल्या कर्मचाऱ्यांसाठी जे व्हीपीएन चालवितात त्यांना यातून वगळण्यात आले. पेच आला तो सामान्य नागरिकाने स्वतःसाठी घेतलेल्या सेवेपुरता. संसदेत या हुकमावर मतदान झाले नाही, कारण तो कायदा नव्हताच. नियम मान्य नसतील त्यांनी देशातून जावे, असे तत्कालीन राज्यमंत्री राजीव चंद्रशेखर यांनी स्पष्ट सांगितले, आणि २५ सप्टेंबर २०२२ ही वाढवून दिलेली मुदत संपेपर्यंत एक्स्प्रेस, नॉर्ड, सर्फशार्क, प्रोटॉन अशा मोठ्या परदेशी सेवांनी भारतातील आपले सर्व्हर खरोखरीच हलविले.

व्हीपीएन ही वस्तू काय आहे, हे जुन्या टपालाच्या भाषेतच चांगले समजते. पूर्वी संकेतस्थळांशी होणारा व्यवहार पोस्टकार्डासारखा होता. वाटेतल्या कोणालाही तो वाचता येई. आज बहुतेक संकेतस्थळांचा मजकूर सांकेतिक लिपीत, म्हणजे बंद पाकिटात जातो. पण पाकिटावरचा पत्ता इंटरनेट पुरविणाऱ्या कंपनीला दिसतोच. कोण, केव्हा, कोणत्या दाराशी गेला एवढे तिला कळते. आणि कर्करोगाच्या रुग्णालयाचे, घटस्फोटाच्या वकिलाचे किंवा कामगार संघटनेचे दार असेल, तर आत काय बोलणे झाले ते ऐकण्याची फारशी गरज उरत नाही. व्हीपीएन हे पाकीट आणखी एका पाकिटात घालून स्वतःच्या पत्त्यावर मागविते आणि तेथून पुढे धाडते. त्यामुळे इंटरनेट कंपनीला फक्त व्हीपीएनचा पत्ता दिसतो, आणि पलीकडच्या संकेतस्थळाला पाठविणाऱ्याचा पत्ता दिसत नाही. (अर्थात तेथे पोहोचून ज्याने आपले नाव व परवलीचा शब्द टाकला, त्याने बुरखा स्वतःच उतरविला. जाहिरातींतून हे सहसा सांगितले जात नाही.)

या व्यवस्थेत गुप्तता नाहीशी होत नाही तशी निर्माणही होत नाही; ती एका दुकानातून दुसऱ्या दुकानात ठेवायला दिली जाते. जे इंटरनेट कंपनीला दिसत होते ते आता व्हीपीएन कंपनीला दिसते. आम्ही कोणतीही नोंद ठेवीत नाही, असे ती सांगते आणि ग्राहकाने ते श्रद्धेने मानावयाचे असते. ही श्रद्धा अनेकदा फसलेली आहे. २०१७ मध्ये अमेरिकेतील एका छळवणुकीच्या खटल्यात, नोंदी न ठेवण्याची जाहिरात करणाऱ्या एका सेवेच्याच नोंदींवरून तपास पुढे सरकला. तो आरोपी सहानुभूतीस पात्र नव्हता. पण नोंदी होत्या, हे त्या निमित्ताने उघड झाले. २०२० मध्ये हाँगकाँगच्या एका मोफत सेवेचा नोंदींचा साठाच कुलूपबंद न केलेल्या स्थितीत इंटरनेटवर सापडला. तीही नोंदी ठेवीत नसल्याचे सांगत असे.

या अनुभवातून विकेंद्रित व्हीपीएनची कल्पना पुढे आली. सर्वांची खातेवही एकाच मुनिमाकडे असेल, तर मुनिमाला धाक घालता येतो किंवा विकत घेता येते. मग मुनीमच नको. जगभरच्या हजारो माणसांनी आपापल्या घरच्या किंवा भाड्याच्या संगणकावरून दुसऱ्यांची वाहतूक पुढे धाडावी, ग्राहकाने त्यांतून हवा तो दुवा निवडावा, आणि जेवढी वाहतूक झाली तेवढ्यापुरते पैसे आभासी चलनात परस्पर चुकते व्हावेत. मिस्टेरियम, सेंटिनेल, ऑर्किड ही या पद्धतीच्या जाळ्यांची नावे. कोणत्या कार्यालयावर धाड घालायची, हा प्रश्न सरकारला पडावा अशीच ही रचना आहे.

तिचे मूळ मात्र जुने आहे, आणि गंमत अशी की ते अमेरिकी नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेत आहे. १९९० च्या दशकात तेथे संदेशाला कांद्याच्या पापुद्र्यांप्रमाणे एकावर एक आवरणे घालण्याची युक्ती शोधली गेली आणि २००२ पासून ‘टॉर’ या नावाने ती सर्वांना खुली झाली. टॉरमध्ये संदेश तीन स्वयंसेवकांच्या हातांतून जातो. पहिल्याला पाठविणारा कोण ते कळते, तिसऱ्याला तो कोठे जातो ते कळते, मधल्याला दोन्ही कळत नाही. विकेंद्रित व्हीपीएन म्हणविणाऱ्या सर्वच सेवांत असे नसते. पुष्कळदा मध्ये एकच माणूस असतो, आणि जे कंपनीला दिसत होते ते सारे त्या एका अनोळखी गृहस्थाला दिसते. कंपनीला निदान पाटी असते. ‘निम’सारखे नवे जाळे संदेश अधिक हातांतून नेते, मुद्दाम थांबविते, त्यांत खोटे संदेश मिसळते; त्याची किंमत वेग कमी होण्यात मोजावी लागते.

पण या कल्पनेचा खरा कस लागतो तो दुवा वापरणाऱ्याच्या नव्हे, तर दुवा पुरविणाऱ्याच्या घरी. बोगद्याचे शेवटचे तोंड ज्याच्या घरात उघडते, त्याच्याच नावावर जगाला सारे दिसते. एप्रिल २०१७ मध्ये मॉस्कोत दिमित्री बोगातोव या गणिताच्या तरुण अध्यापकाला अटक झाली. दंगलीला चिथावणी देणारा मजकूर त्याच्या घरच्या इंटरनेट-क्रमांकावरून प्रसिद्ध झाला होता. बोगातोव टॉरचा शेवटचा दुवा चालवीत असे. तो मजकूर दुसऱ्याच कोणीतरी त्यातून धाडलेला असू शकत होता. हे सांगूनही काही महिने तुरुंगात, पुढे स्वतःच्या घरात स्थानबद्धतेत काढल्यावर मे २०१८ मध्ये त्याच्यावरील आरोप मागे घेण्यात आले. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ती इतक्या साध्या कारणाने मिळू शकते.

बोगातोव निदान जाणूनबुजून या कामात होता. २०१५ मध्ये ‘होला’ या लोकप्रिय मोफत सेवेविषयी जे उघडकीस आले ते अधिक बोलके आहे. तिचे वापरकर्ते समजत होते की, आपण फुकटात दुसऱ्या देशातील चित्रपट पाहत आहोत. प्रत्यक्षात त्यांच्याच घरची जोडणी एका भगिनी कंपनीमार्फत इतरांना विकली जात होती. मे २०२४ मध्ये अमेरिकी न्याय खात्याने ‘९११ एस५’ नावाचे जाळे मोडून काढले. मोफत व्हीपीएनच्या नावाखाली लोकांच्या संगणकांत शिरून सुमारे १ कोटी ९० लाख इंटरनेट-क्रमांक त्याने गुन्हेगारांना भाड्याने दिले होते. ते संगणक जवळजवळ दोनशे देशांतील साध्या माणसांचे होते. विकेंद्रीकरण हा शब्द चांगला आहे. पण चोराच्या धंद्याचेही विकेंद्रीकरण होते, आणि जोखीम मात्र घरमालकाच्या वाट्याला येते.

भारतात या जोखमीला कायद्याची आणखी एक बाजू आहे. सर्वसामान्य इंटरनेट-ग्राहकांना व्हीपीएनद्वारा मध्यस्थ सेवा देणारी कोणतीही व्यक्ती वा संस्था म्हणजे सेवा पुरविणारा, अशा आशयाचे स्पष्टीकरण २०२२ च्या हुकमानंतर देण्यात आले. एखाद्या महाविद्यालयीन विद्यार्थ्याने हौसेने किंवा महिन्याकाठी चार पैसे मिळावेत म्हणून आपल्या खोलीत असा दुवा चालविला, तर तो या व्याख्येत बसणार नाही असे ठामपणे म्हणता येत नाही. आणि बसला, तर पाच वर्षांची खातेवही त्यानेच ठेवावयाची. ती ठेवणे त्याला शक्यच नाही, कारण दुव्याशी येणाऱ्याचे नाव त्याला कळतच नाही. तेच तर या रचनेचे प्रयोजन! घरगुती जोडणीच्या करारांत ती दुसऱ्यास विकण्यास बहुधा मनाई असते, ती गोष्ट वेगळीच. शिवाय आभासी चलन विकणाऱ्या संस्थांना मार्च २०२३ पासून काळा पैसा प्रतिबंधक कायदा लागू आहे. म्हणजे चलन घेताना नाव नोंदवावे लागते. त्या चलनाचे व्यवहार ज्या सामायिक खातेवहीत लिहिले जातात ती बहुतेक ठिकाणी कोणालाही पाहता येते आणि पुसता येत नाही. एका मुनिमाला टाळण्यासाठी निघालेला माणूस चावडीवरच्या फळ्यावर आपला हिशेब लिहून येतो, असा हा प्रकार आहे.

मग ही साधने निरुपयोगी समजावयाची काय? तसे मुळीच नाही. ५ ऑगस्ट २०१९ च्या आदल्या रात्री काश्मीरमधील इंटरनेट बंद झाले. बेमुदत बंदी चालणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने अनुराधा भसीन खटल्यात १० जानेवारी २०२० रोजी सांगितल्यावर ते मंद गतीने सुरू झाले, पण सरकारने यादीत घातलेल्या संकेतस्थळांपुरतेच. लोकांनी व्हीपीएनचा आधार घेतला. फेब्रुवारीत श्रीनगरच्या सायबर पोलिसांनी त्याच्या दुरुपयोगाबद्दल बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा नोंदविला. जलद मोबाइल इंटरनेट परत यायला फेब्रुवारी २०२१ उजाडले. या घटनेतून साधनाचे मोल कळते तशी मर्यादाही कळते. यादी असेल तर बोगदा उपयोगी. तारच कापली तर बोगदा खणायचा कोठून?

२०२२ मध्ये इराणमध्ये महसा अमिनीच्या मृत्यूनंतर उसळलेल्या आंदोलनाच्या वेळी निर्बंध कडक झाले, तेव्हा टॉरच्या ‘स्नोफ्लेक’ या सोयीचा वापर एकदम वाढला. ही सोय मुद्दाम सांगण्यासारखी आहे. परदेशातील स्वयंसेवक आपला ब्राउझर काही वेळ उघडा ठेवतो आणि तेथील माणूस त्यातून टॉरच्या जाळ्यात शिरतो. परंतु बाहेर पडतो तो दुसऱ्याच दुव्यातून. त्यामुळे त्याने पुढे काही केले तरी स्वयंसेवकाच्या घरचा क्रमांक तेथे उमटत नाही. दार उघडून देणे आणि स्वतःच्या नावावर बाहेर सोडणे यांतील हा भेद विकेंद्रित व्हीपीएनच्या जाहिरातींत पुसट केला जातो. घरबसल्या कमाईचे आमिष नेमके दुसऱ्या प्रकारासाठी असते.

पोलिसांची अडचण खोटी नाही. ‘डिजिटल अटक’ म्हणून निवृत्त शिक्षकांची आयुष्यभराची पुंजी लुबाडणारे लोक आपला ठावठिकाणा लपवितात, आणि त्यांच्यापर्यंत पोहोचण्यासाठी नोंदी लागतात. पण संशयिताच्या नोंदी मागविणे वेगळे आणि उद्या कोणीतरी संशयित ठरेल म्हणून सर्वांच्या नोंदी आजच साठवून ठेवणे वेगळे. युरोपीय न्यायालयाने एप्रिल २०१४ मध्ये असा सरसकट साठा करण्याचा आदेशच रद्द ठरविला. आपल्याकडे १९६२ मध्ये खरकसिंग खटल्यात पोलिसांनी रात्री-अपरात्री दार ठोठावणे अवैध ठरले होते, परंतु खासगीपणाचा मूलभूत हक्क बहुमताने नाकारला गेला. ती चूक नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात एकमताने दुरुस्त केली. या हक्कावर बंधन घालावयाचे तर त्याला कायद्याचा आधार, रास्त प्रयोजन आणि प्रयोजनाच्या प्रमाणातच उपाय हवा, ही कसोटी तेव्हापासून रूढ आहे. ग्राहक निघून गेल्यावरही पाच वर्षे त्याचे नाव आणि प्रयोजन जपणारा हुकूम या प्रमाणात कसा बसतो, याचे समाधानकारक उत्तर मिळालेले नाही. होस्टिंगचा व्यवसाय करणाऱ्या एका छोट्या भारतीय सेवेने सप्टेंबर २०२२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात हा प्रश्न नेला. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याकडे पाहावे, तर सरकारी यंत्रणांना त्यातून सूट देण्याचा अधिकार सरकारनेच स्वतःकडे ठेवला आहे.

२०२२ चा हुकूम एका कार्यालयाच्या सहीने निघाला, तेव्हा त्याची दुरुस्तीही तेवढ्याच सहीने होऊ शकते. पाच वर्षांची मुदत काढून विशिष्ट गुन्ह्यात, विशिष्ट ग्राहकाच्या नोंदी न्यायाधीशाच्या आदेशाने पुढे जपून ठेवण्याची तरतूद करता येईल. आणि मोबदला न घेता दुसऱ्याची वाहतूक केवळ पुढे धाडणारा स्वयंसेवक हा सेवा पुरविणारा धंदेवाईक नव्हे, एवढे एक वाक्य व्याख्येत घालता येईल. त्याला संसदेचे अधिवेशन लागत नाही.