पहिले विमान कोणते?

कोल्हापुरात उजळाईवाडीच्या माळावरून विमान उठले की आसपासची पोरे अजूनही मान वर करून बघतात. छत्रपती राजाराम महाराजांच्या काळात, १९३९ साली सुरू झालेल्या या विमानतळाने मधली बरीच वर्षे विमानाची वाट बघण्यातच काढली. 'उडान' योजनेनंतर चित्र पालटले. आता आपल्या घरातला मुलगा किंवा मुलगी त्या विमानाच्या पुढच्या खुर्चीत बसू शकेल का, असेही घरोघरी विचारले जाते. म्हणून हा विषय आम्ही घेतला.

बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित हवे. त्यानंतर वैद्यकीय तपासणी, नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या लेखी परीक्षा आणि २०० तासांचे उड्डाण झाले की व्यावसायिक परवाना मिळतो. खर्च पन्नास लाखांच्या घरात किंवा त्याहूनही वर जातो. आमचा पहिला मशवरा असा, की फी भरण्याआधी 'क्लास वन' वैद्यकीय तपासणी करून घ्या. लाखो रुपये गेल्यावर तब्येतीतली अडचण कळली, तर ते नुकसान सगळ्या घराला सोसावे लागते.

परवाना हातात आला म्हणजे नोकरी मिळाली, असे मात्र नाही. प्रत्येक प्रकारच्या विमानासाठी वेगळे 'टाइप रेटिंग' लागते. आधी वर्गात विमानाच्या यंत्रणांचा अभ्यास, मग सिम्युलेटर, मग खऱ्या विमानावर उड्डाण व उतरणी, आणि शेवटी अनुभवी कॅप्टनच्या शेजारी बसून प्रवाशांसह उड्डाणे. विमान बदलले की यातला बराचसा अभ्यास पुन्हा करावा लागतो.

इथेच मुले गोंधळतात. मोठ्या एअरबसची हौस असते, आणि समोर येते ती छोट्या मार्गांवरची कंपनी. कोल्हापूरच्या घोडावत समूहाची 'स्टार एअर' २०१९ मध्ये सुरू झाली. तिच्याकडे ५० आसनांचे एम्ब्रायर १४५ आणि ७६ आसनांचे एम्ब्रायर १७५ ही जेट विमाने आहेत. अलायन्स एअर आणि इंडिगो अशा मार्गांवर पंख्याचे एटीआर ७२ चालवतात. ते आखूड धावपट्टीवर उतरते आणि कमी इंधनात भागवते.

अमेरिकेतल्या काही प्रादेशिक कंपन्यांत नव्या वैमानिकांची तुकडी पहिल्या दिवशी वर्गात बसते आणि ज्येष्ठतेच्या क्रमाने विमान व तळ निवडते. एकाच दिवशी आलेल्यांचा क्रम काही ठिकाणी वयावरून लावतात. आपल्याकडे कोणत्या विमानावर जायचे हे बहुधा कंपनीच्या गरजेवर ठरते. जिथे ज्येष्ठता रुजू झाल्याच्या तारखेवरून मोजतात, तिथे मनासारख्या विमानासाठी वर्गाची तारीख पुढे ढकलणे महागात पडू शकते.

छोटे विमान म्हणजे कमी दर्जाचे काम, हा समज आम्हाला पटत नाही. छोट्या पल्ल्यांत दिवसाकाठी उड्डाणे आणि उतरणी जास्त होतात, आणि हात त्यातूनच बसतो. कॅप्टनपदासाठी लागणाऱ्या एटीपीएल परवान्याला किमान १५०० तासांचा अनुभव हवा. घरी बसून वाट बघणाऱ्याचे तास वाढत नाहीत. नोकरीची खात्री नसताना स्वतःच्या पैशाने एअरबसचे रेटिंग घेऊन ठेवणे तर मोठीच जोखीम आहे.

सही करण्याआधी तीन गोष्टी विचारा: प्रशिक्षणाचा खर्च कोण करणार, बाँड किती वर्षांचा आणि मध्येच सोडल्यास किती भरायचे, आणि प्रशिक्षणाच्या काळात पगार किती. ही कागदपत्रे अब्बा-अम्मींनीही वाचावीत. घर किंवा दागिना गहाण पडणार असेल, तर व्याजाच्या प्रश्नासह सगळा हिशेब आधीच समोर मांडावा.

हैदराबादच्या सय्यदा सल्वा फातिमा या बेकरीत काम करणाऱ्या वडिलांची लेक. दात्यांच्या मदतीने त्यांनी परवाना मिळवला आणि पुढच्या प्रशिक्षणाला तेलंगणा सरकारने हातभार लावला. राजर्षी शाहू महाराजांनी १९०६ मध्ये मुस्लिम बोर्डिंगचा पाया घातला, तेव्हा खेड्यातल्या पोराला शहरात राहून शिकता यावे एवढीच सोय हवी होती. आजच्या पोराला त्याहून मोठी रक्कम लागते. एका घराला ती पेलत नाही, पण जमातीने मिळून एकेका हुशार मुलामुलीची जबाबदारी घेतली, तर इन्शाअल्लाह उजळाईवाडीचे विमान आपलेच लेकरू उतरवेल.