घरातला समुद्र (१४) : शेपटीत सुरी, दिवसभर चराई

मागच्या आठवड्यात आपण टाकीत क्लाउनफिशची पहिली जोडी सोडली आणि पुढचे तीन महिने दुसरा मासा आणायचा नाही, असं ठरवलं. ते तीन महिने संपत आले की बहुतेकांची नजर एकाच कुळाकडे वळते. क्रॉफर्ड मार्केट असो की कुर्ला, दुकानातल्या खाऱ्या पाण्याच्या टाक्यांसमोर उभं राहिलं की पिवळाजर्द, गर्द निळा, नाहीतर आकाशी अंगावर पिवळी पट्टी ओढलेला एखादा मासा सगळ्यांना मागे टाकून काचेशी येतो. दुकानदार त्याला टँग म्हणतात, पुस्तकं सर्जनफिश. शेपटीच्या बुडाशी दोन्ही बाजूंना एकेक धारदार काटा असतो. एरवी तो घडीच्या चाकूच्या पात्यासारखा खाचेत मिटलेला असतो, शेपटी जोरात वळली की उघडतो. त्या सुरीवरून हे नाव पडलं.

मला सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न याच माशांबद्दलचा आहे : "काका, कुठला टँग कुठल्या टँगबरोबर चालतो?" याद्या बऱ्याच सापडतात. हा शांत, तो भांडखोर, हा मध्यम. मीही अशी यादी पाकिटात घेऊन फिरत असे. पण यादीत 'शांत' लिहिलेला मासा एकाच्या टाकीत सालस वागतो आणि दुसऱ्याच्या टाकीत नव्या माशाचे कल्ले फाडतो, हे पाहिल्यावर यादीवरचा माझा विश्वास उडाला. प्रश्न जरा वेगळा विचारावा लागतो : हा मासा समुद्रात खातो काय, आणि कुठे?

टँगसमोर तासभर बसून पाहा. दगडावर तोंड टेकवायचं, ओरबाडायचं, दोन वीत पुढे जायचं, पुन्हा तोंड टेकवायचं. उजाडल्यापासून मावळेपर्यंत हेच चालतं. मांसाहारी माशासारखं एकदा पोटभर जेवून बसून राहणं याच्या शरीरात नाही. शेवाळात पोषण थोडं, म्हणून खावं लागतं भरपूर आणि सतत. हे चरणारं जनावर आहे आणि चरणाऱ्याला कुरण लागतं. समुद्रातलं कुरण म्हणजे दगडावर उगवलेलं, बोटाच्या पेरापेक्षाही कमी उंचीचं शेवाळ. ते फुकट असलं तरी अमाप नसतं. त्यामुळे त्यावर मालकी येते, आणि मालकी आली की हद्दीची भांडणं.

हिंदी महासागरातल्या अल्दाब्रा बेटावर रॉस रॉबर्टसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीन जातींच्या टँगचा अभ्यास केला. तो १९७९ साली प्रसिद्ध झाला. लाटा फुटतात त्या धारेवर, जिथे शेवाळ जोमाने वाढतं, तिथे अकँथुरस लिनिएटस हा पट्टेरी टँग ठाण मांडून बसतो आणि इतरांना हुसकावतो. आपल्याला पावडर ब्लू म्हणून माहीत असलेला अकँथुरस ल्युकोस्टर्नन त्याच्याशेजारी आपली हद्द राखतो. तपकिरी झेब्रासोमा स्कोपास लांब तोंडाने दगडांच्या फटींतलं टिपतो. सगळ्यांचा डोळा शेवाळावरच, पण तोंड वेगळं, जागा वेगळी. तिथे हरलेला मासा पोहत दूर जातो. चार फुटांच्या काचेत दूर म्हणजे तोच कोपरा, आणि त्या कोपऱ्यातही त्याचा पाठलाग सुटत नाही.

लक्षद्वीपच्या अगत्ती बेटाजवळ मी या गोष्टीची दुसरी बाजू पाहिली. कैद्याच्या कपड्यांसारखे काळे पट्टे असलेला अकँथुरस ट्रायोस्टेगस एकटा असला तर त्याला कोणीही हाकलतं. तिथे तो शंभरेकांच्या झुंडीने आला. हद्दीचा मालक एकाला पळवतो तोवर बाकीचे उरलेलं कुरण साफ करतात आणि झुंड पुढे सरकते. मालदीवमध्ये पावडर ब्लूही मोठ्या थव्यांनी चरताना दिसतो. म्हणजे एकाच जातीचा मासा एके ठिकाणी जमीनदार असतो आणि दुसऱ्या ठिकाणी वारकरी. त्याचा स्वभाव भोवतालच्या अन्नावर आणि गर्दीवर ठरतो. टाकीत ते अन्न आणि ती गर्दी ठरवणारे आपण असतो, म्हणून मला हे कळणं महत्त्वाचं वाटतं.

आता टाकीकडे येऊ. कोनराड लोरेन्झ यांनी १९६३ सालच्या आपल्या आक्रमकतेवरच्या पुस्तकाची सुरुवातच प्रवाळातल्या माशांपासून केली. भडक रंगाचे मासे सर्वांत जोराने तुटून पडतात ते आपल्याच जातीवर, हे त्यांचं निरीक्षण होतं. टँगच्या बाबतीत त्यात भर घालायची : आपल्यासारख्या दिसणाऱ्यावर आणि आपल्यासारखं खाणाऱ्यावरही. पिवळा आणि जांभळा टँग दोघेही झेब्रासोमा. अंग तेच, तोंड तेच, त्यामुळे मध्यम टाकीत त्यांचं जमणं अवघड. पावडर ब्लू आणि अकिलीस दोघेही अकँथुरस, तेही तसंच. उलट कोले टँग, म्हणजे टेनोकीटस, दातांच्या ब्रशने दगडावरचा बारीक गाळ आणि सूक्ष्म शेवाळ झाडून घेतो. पिवळ्याला हवं असतं ते लांब, केसाळ शेवाळ. 'फाइंडिंग निमो'मधली डोरी, म्हणजे निळा पॅराकँथुरस, समुद्रात बराच वेळ पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव टिपत असतो. हे तिघे एकमेकांच्या ताटात फारसे हात घालत नाहीत. सहा फूट लांबीच्या टाकीत एक कोले, एक पिवळा आणि एक निळा अशी त्रिकूटं मी वर्षानुवर्षं नीट चाललेली पाहिली आहेत.

सोडण्याचा क्रमही याच तर्काने लावायचा. ज्याची हद्दीची भूक कमी, तो आधी. कोले किंवा निळा आधी, पिवळा नंतर, आणि अकँथुरस घ्यायचाच असेल तर अगदी शेवटी. लिनिएटस आणि तांबड्या समुद्रातला सोहाल या दोघांबद्दल माझं मत स्पष्ट आहे : घरच्या टाकीत घेऊ नका. लाटांच्या धारेवर राज्य करायला घडलेले मासे आहेत ते.

वेगळ्या टाकीतला मुक्काम संपवून (त्याबद्दल पुढे) शेवटचा मासा मुख्य टाकीत आणला की त्याला थेट सोडू नका. भोकं पाडलेल्या पारदर्शक प्लॅस्टिकच्या पेटीत, त्याच टाकीत, आठवडाभर ठेवा. जुना मासा पेटीवर धडका मारेल, शेपटी फिरवेल आणि हळूहळू कंटाळेल. धडका थांबल्याशिवाय पेटी उघडायची नाही. पेटी उघडण्याच्या दिवशी दगडांची मांडणी थोडी बदला. जुन्या मालकाच्या खुणा पुसल्या की त्यालाही नव्याने जागा शोधावी लागते. आणखी एक साधी युक्ती म्हणजे टाकीच्या एका टोकाला काचेबाहेर आरसा लावणं. जुना टँग आपल्याच प्रतिबिंबाशी झुंजत बसतो आणि तेवढ्यात नव्याला दोन घास मिळतात. मासा पकडताना जाळी वापरू नका, काटा जाळीत अडकतो आणि सोडवताना माशाचंही अंग फाटतं, आपलंही बोट. भांड्याने उचला.

टाकीच्या आकाराबद्दल बोलताना लोक लिटर सांगतात. मी लांबी विचारतो, कारण टँग लिटरमध्ये पोहत नाही. कोले आणि पिवळ्यासाठी चार बाय दोन बाय दोन फूट, म्हणजे साडेचारशे लिटर, हे मी किमान मानतो. निळा एक फुटापर्यंत वाढतो, त्याला सहा फूट हवेत. दुकानात तो दोन इंचांचा, नाण्याएवढा मिळतो. ते नाणं पाहून निर्णय घेतला जातो, आणि तीन वर्षांनी तो मासा कोणाला तरी द्यायची धावपळ सुरू होते. नासो गटातले टँग तर याहून मोठे होतात. वयाचंही तसंच. हवाईच्या समुद्रातले पिवळे टँग ४० वर्षांपर्यंत जगल्याच्या नोंदी आहेत. मुलीच्या दहावीच्या वर्षी आणलेला मासा तिच्या मुलांना पाहता यावा, एवढं हे आयुष्य आहे.

खाणं. रोज सकाळी दिवा लागला की चिमट्यात नोरी लावायची. ही सुशीसाठीची वाळलेली समुद्री शेवाळाची पानं आता ऑनलाइन सहज मिळतात. मीठ, तेल, मसाला काहीही नसलेली घ्यायची. दोन टँग असतील तर दोन चिमटे, टाकीच्या दोन टोकांना. माझ्या टाकीतली निम्मी भांडणं या दुसऱ्या चिमट्याने मिटली. पालक उकडून देण्याची जुनी पद्धत आहे, त्याने पोट भरतं, पण समुद्रातल्या शेवाळाची जागा तो घेत नाही. खालच्या सम्पमध्ये, म्हणजे गाळणीच्या टाकीत, ग्रॅसिलेरिया किंवा उल्वा हे शेवाळ वाढवता आलं तर उत्तमच. मुंबईच्या किनाऱ्यावरचं शेवाळ उपटून आणू नका, त्यात शहराचं सांडपाणी मुरलेलं असतं. मायसिससारखं गोठवलेलं अन्न जोडीला द्यावं, निळ्याला जरा जास्त.

या माशांच्या आतड्यातही एक जग आहे. १९८५ मध्ये तांबड्या समुद्रातल्या एका तपकिरी टँगच्या आतड्यात असे जीव सापडले, जे नुसत्या डोळ्यांनीही ठिपक्यासारखे दिसत होते. अर्ध्या मिलिमीटरहून लांब. एवढा मोठा जीव जिवाणू असेल असं कोणाला वाटलं नाही. तो जिवाणूच आहे हे १९९३ मध्ये सिद्ध झालं. एप्युलोपिशियम त्याचं नाव. शेवाळ खाणाऱ्या माशाच्या पोटात असा सोबती राहतो हे वाचल्यापासून मी नोरीचा चिमटा एक दिवसही रिकामा ठेवलेला नाही. पोट खपाटीला गेलेला आणि पाठीवरचं मांस उतरून डोक्यामागे खळगा पडलेला टँग दुकानात दिसला, तर दया येऊनही घेऊ नये. तो बहुधा सावरत नाही.

चेहऱ्यावर आणि बाजूच्या रेषेवर कातडी झिजून पांढरे चट्टे पडण्याचा विकार टँगना फार होतो. अपुरं खाणं हे कारण वर्षानुवर्षं सांगितलं जाई. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात अटलांटिकमधल्या टँगच्या पाण्यात अॅक्टिव्हेटेड कार्बन ठेवला, तेव्हा हे चट्टे उमटले. कार्बन नसलेल्या पाण्यातले मासे मात्र ठीक राहिले. तेव्हापासून मी कार्बन धुऊन, थोडा आणि मोजक्या दिवसांपुरताच वापरतो.

आता मला जे सांगायला जड जातं ते. माझा पहिला पावडर ब्लू अकरा दिवस जगला. आणला तेव्हा टवटवीत होता, थेट प्रवाळाच्या टाकीत सोडला. चौथ्या दिवशी मीठ भुरभुरल्यासारखे पांढरे ठिपके आले. सातव्या दिवशी ते गेले आणि मी घरात सगळ्यांना सांगितलं की बरा झाला. दहाव्या दिवशी तो ठिपक्यांनी भरला होता, आणि त्याच्यासोबत क्लाउनफिशही.

ते ठिपके क्रिप्टोकॅरियनचे होते. हा परजीवी माशाच्या अंगावर तीन ते सात दिवस खातो, मग गळून पडतो आणि वाळूत, दगडावर कोष करतो. तिथे त्याचे शे-दोनशे तुकडे होतात. हे बहुधा तीन दिवसांपासून चार आठवड्यांपर्यंत चालतं, क्वचित ७२ दिवसांपर्यंतही. मग ते सारे बाहेर पडून माशाच्या शोधात निघतात. एक-दोन दिवसांत मासा मिळाला नाही तर मरतात. ठिपके जाणं म्हणजे रोग जाणं नव्हे, तो वाळूत उतरलेला असतो. हे मला तेव्हा माहीत असतं तर तीन मासे वाचले असते.

प्रवाळाच्या टाकीत औषध घालता येत नाही. तांबं या परजीवीला मारतं, पण प्रवाळ, गोगलगायी आणि कोळंबीलाही. म्हणून नवा टँग आधी वेगळ्या, उघड्या बुडाच्या टाकीत हवा : दगड नाही, वाळू नाही, लपायला पीव्हीसी पाइपचे तुकडे. तिथे आयनिक तांबं लिटरमागे ०.१५ ते ०.२० मिलिग्रॅम, रोज किटने मोजून, साधारण ३० दिवस. चिलेटेड तांब्याच्या औषधांची मात्रा निराळी असते, बाटलीवरचीच पाळा. तांबं नको असेल तर टाकी बदलण्याची पद्धत आहे. दर ७२ तासांच्या आत माशाला कोरड्या, स्वच्छ, नव्या पाण्याच्या टाकीत हलवायचं, असं चार वेळा. गळून पडलेले कोष उघडायच्या आत मासा तिथून निघालेला असतो. मला ही पद्धत आवडते, कारण टँगचं खाणं तिच्यात सुटत नाही. मात्र मखमलीसारखा बारीक थर आणणाऱ्या अॅमायलूडिनियमवर ती चालत नाही, तिथे तांब्यासारखं औषधच लागतं. मुख्य टाकीत रोग शिरलाच असेल, तर सगळे मासे बाहेर काढून ती ७६ दिवस बिनमाशांची ठेवावी लागते. अडीच महिने रिकामी टाकी पाहणं कठीण असतं. मी पाहिली आहे.

आपल्याकडे वीज जाते, हेही टँगच्या आजाराचं कारण ठरतं. लाटांत राहणाऱ्या या माशांना प्राणवायू जास्त लागतो. पंप थांबले की कल्ल्यांची उघडझाप सर्वांत आधी यांचीच वाढते. बॅटरीवर चालणारा एअर पंप टाकीशेजारी लावूनच ठेवा.

हे मासे येतात कुठून, हा प्रश्नही टाळू नये. पिवळा टँग पूर्वी मुख्यतः हवाईहून येई. २०१७ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरणाचा आढावा घेतल्याशिवाय मत्स्यालयांसाठी मासे पकडायला परवानगी देता येणार नाही, असा निकाल दिला. त्यानंतर पश्चिम हवाईतली व्यावसायिक पकड थांबली. त्याआधीच, २०१५ मध्ये, हवाईतल्या ओशॅनिक इन्स्टिट्यूटने पिवळ्या टँगची पैदास करून दाखवली होती. काचेसारख्या पारदर्शक पिल्लांना सुमारे दोन महिने तरंगत्या अवस्थेत जगवणं, हा त्यातला कठीण भाग. निळ्याची पैदास २०१६ मध्ये फ्लोरिडा विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत झाली. पैदास केलेला मासा महाग पडतो, तरी मी तोच घ्या म्हणतो. तो लहानपणापासून टाकीतलं अन्न खातो आणि समुद्रातून एकही मासा कमी होत नाही. 

दुकानात जाताना खिशात नोरीचा एक तुकडा ठेवा. मासा आवडला तर दुकानदाराला तो टाकीत लावायला सांगा आणि तिथेच उभे राहा. मासा आला, ओरबाडून खाल्लं, पोट गोल आहे, श्वास संथ आहे, तर पैसे द्या. नाही आला, तर पुढच्या आठवड्यात पुन्हा जा. तोवर वेगळी टाकी मांडून ठेवा. ती कशी मांडायची, ते पुढच्या लेखात.